ग्राहकाचे नाव आणि बाजाराची चोपडी



निवृत्त शिक्षकाच्या बँकखात्यात ग्रॅच्युइटीची रक्कम जमा होते आणि पुढच्या आठवड्यापासून त्याच्या दूरध्वनीची घंटा वाजू लागते. कोणी विम्याची गळ घालतो, कोणी शहराबाहेरच्या भूखंडाचे वर्णन करतो, कोणी न मागितलेले कर्ज मंजूर झाल्याची सुवार्ता देतो. बोलणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक असते, गाव ठाऊक असते, कधी वयही ठाऊक असते. शिक्षक तो क्रमांक बंद करतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावरून तीच विनवणी सुरू होते. हा अनुभव आता इतका सार्वत्रिक झाला आहे की लोक त्याची गणना डासांच्या उपद्रवात करतात आणि गप्प बसतात. वस्तुतः हा प्रश्न मनस्तापाचा नसून मालकीचा आहे.

पूर्वी दारोदार हिंडणाऱ्या विक्रेत्याला पायपीट करावी लागे. दिवसाकाठी मोजकीच दारे ठोठावता येत. म्हणून कोणते दार ठोठवावे याचा त्याला विचार करावा लागे. दूरध्वनीने हा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. हजार जणांची झोपमोड करून एकाने होकार दिला तरी धंदा किफायतशीर ठरतो, कारण उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांच्या वेळेची किंमत विक्रेत्याच्या हिशेबात कोठेच धरलेली नसते. कारखान्याने आपले सांडपाणी नदीत सोडावे आणि त्याची किंमत खालच्या गावाने मोजावी, तसाच हा प्रकार आहे. गॅल्ब्रेथ यांनी 1958 च्या ‘द ॲफ्ल्युअंट सोसायटी’ या ग्रंथात दाखवून दिले होते की, ज्या गरजा भागवण्याचा दावा उत्पादक करतो, त्या पुष्कळदा त्यानेच निर्माण केलेल्या असतात. आज त्याच्या हाती आणखी एक साधन आले आहे. कोणाच्या हातात केव्हा पैसा येणार आणि कोणाला केव्हा पैशाची निकड लागणार, हेही त्याला आधी कळू लागले आहे.

ही माहिती येते कोठून? बहुतेक वेळा ती चोरीला जात नाही. लोक स्वतःच्या हाताने ती देतात. दुकानात दंतमंजन विकत घेताना मोबाईल क्रमांक विचारला जातो. प्रदर्शनात सोडतीची चिठ्ठी भरून घेतली जाते. शिकवणी वर्गाच्या फुकट चाचणीसाठी मुलाचा वर्ग, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय नोंदवून घेतला जातो. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना बजावले होते की, क्रमांक दिल्याविना माल वा सेवा नाकारणे ही अनुचित व्यापारप्रथा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना तिऱ्हाइताला देणे हीदेखील अनुचित व्यापारप्रथाच ठरते. तरीही गल्ल्यावरचा प्रश्न थांबलेला नाही. ‘क्रमांक देणार नाही, बिल द्या’ एवढे वाक्य उच्चारायला ग्राहकाला अजून संकोच वाटतो. मागे रांग उभी असते.

कर्जवाटप करणाऱ्या ॲपांनी तर लाजच सोडली होती. कर्जदाराच्या मोबाईलमधील सर्व ओळखीच्यांचे क्रमांक आधीच उचलून ठेवायचे आणि हप्ता चुकला की त्याच्या नातलगांना, वरिष्ठांना, शेजाऱ्यांना फोन करून त्याची अब्रू काढायची, ही त्यांची वसुलीची रीत. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲपांना संपर्कयादी व कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली. बेकायदा ॲपांपर्यंत ही मनाई पोहोचतेच असे नाही.

आणि दोष केवळ खाजगी भांडवलाचा म्हणावा, तर शासनाचेही हात स्वच्छ नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2019 मध्ये वाहननोंदणीची माहिती घाऊक स्वरूपात देण्याचे धोरण जाहीर केले. व्यापारी संस्थांसाठी वर्षाला 3 कोटी रुपये दर ठरला. अशा माहितीपासून सुमारे 65 कोटी रुपयांचे उत्पन्न झाल्याचे त्याच वर्षी जुलैमध्ये संसदेत सांगण्यात आले. जून 2020 मध्ये हे धोरण मागे घेण्यात आले खरे. पण एकदा दिलेली माहिती परत कशी घेणार? नागरिकाने गाडी नोंदवली ती कायद्याच्या सक्तीने. सक्तीने घेतलेली वस्तू बाजारात विकण्याचा अधिकार शासनाला कोणी दिला, हा प्रश्न तेव्हा जेवढ्या जोराने विचारला जायला हवा होता तेवढ्या जोराने विचारला गेला नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख नवी नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. रोखे हाती पडले की ते जाळायचे. ते मुकाट्याने मिळाले तेथे बहुधा माणसाच्या अंगाला हात लागला नाही. आपल्या आयुष्याचा हिशेब दुसऱ्याच्या चोपडीत आहे, तो आपल्याला वाचता येत नाही, आणि त्यात काय लिहिले आहे यावर आपले घरदार अवलंबून आहे, ही त्यांची खरी व्यथा होती. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ऋणकोला पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. त्या कायद्याने सावकारी संपली नाही, पण चोपडी ऋणकोसमोर उघडावी लागेल हे तत्त्व मान्य झाले. आजची चोपडी कागदाची नाही, म्हणून ती जाळताही येत नाही. ती उघडायला लावणे एवढाच मार्ग उरतो.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर 6 वर्षांनी, 2023 मध्ये, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना आणखी 18 महिने दिले गेले. आपली कोणती माहिती आहे आणि ती कोणाकोणाला दिली, हे विचारण्याचा हक्क या कायद्यात आहे; 1879 च्या तत्त्वाशी त्याचे नाते उघड आहे. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. मात्र तो दंड सरकारी तिजोरीत जाईल. ज्याची माहिती विकली गेली त्याला त्यातून दमडीही मिळणार नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईचे जे कलम होते ते वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. शासनाला मात्र आपल्या यंत्रणांना सूट देण्याचे विस्तृत अधिकार राखून ठेवण्यात आले आहेत.

याहून गंभीर गोष्ट माहिती अधिकाराची. या कायद्याने 2005 च्या कायद्यातील कलम 8(1)(ञ) बदलले. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खाजगी माहितीच नाकारता येत असे. आता ‘व्यक्तिगत माहिती’ एवढे म्हणणे अधिकाऱ्याला पुरेसे आहे. व्यापक जनहिताचा अपवाद कलम 8(2) मध्ये शिल्लक आहे, हे मान्य. परंतु रोजगार हमीच्या हजेरीपटावरची खोटी नावे ज्या मार्गाने उघडकीस येत, तो मार्ग आता अवघड झाला आहे. सामान्य माणसाचा क्रमांक बाजारात उघडा आणि कंत्राटदाराचे नाव कार्यालयात झाकलेले, हा खाजगीपणाचा अजब अर्थ म्हणावा लागेल.

दरम्यान घंटा वाजतच राहते. 2007 मध्ये नको असलेल्या विक्रीफोनांविरुद्ध नोंदवही सुरू झाली. 2010 आणि 2018 मध्ये नवे नियम आले. तरीही जाहिरातीसाठी राखलेल्या 140 च्या मालिकेऐवजी साध्या दहा आकडी क्रमांकावरून फोन करणारे नोंदणीविना मोकाट सुटले. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत 3 दिवसांवरून 7 दिवस केली आणि 10 दिवसांत 5 तक्रारी आल्या तरी कारवाई व्हावी असे ठरवले; अशा अनधिकृत विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी आपली पसंती आधी नोंदवलेली असण्याची अटही राहिली नाही. येथे संघटनेचा उपयोग आहे. एकट्याची तक्रार एकटीच पडून राहील. एका वस्तीतील पाच जणांनी त्याच क्रमांकाविरुद्ध 1909 वर तारीख, क्रमांक आणि बोलण्याचा आशय कळवला, तर कंपनीला दखल घ्यावी लागते. शाखांनी वाचनालयात एक वही ठेवावी. म्हाताऱ्या माणसांना तक्रार पाठवता येत नसेल तर तरुणांनी पाठवून द्यावी.

फोनवरच्या मुलीवर मात्र कोणी राग काढू नये. बहुधा ती एखाद्या कंत्राटदाराकडे काम करते; तिला दिवसाचे उद्दिष्ट ठरवून दिलेले असते, आणि पुढ्यातली यादी तिने जमवलेली नसते. ‘माझा क्रमांक तुमच्या मालकाला कोणी दिला?’ एवढेच शांतपणे विचारावे. उत्तर बहुधा मिळत नाही, पण प्रश्न तक्रारीत लिहिता येतो.

अमेरिकेत 1991 च्या कायद्याने नियमभंग करणाऱ्या प्रत्येक फोनमागे 500 डॉलरपर्यंत, आणि जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी 1500 डॉलरपर्यंत, भरपाई खुद्द फोन घेणाऱ्याला मागता येते. भांडवलशाहीच्या माहेरघरात जे शक्य झाले ते येथे का नको, असा ठराव जिल्हा परिषदांच्या आगामी मेळाव्यांपुढे ठेवायला हरकत नाही. दंड तिजोरीत न जाता शिक्षकाच्या खात्यात जाऊ लागला, की हजारांत एका होकाराचे गणित विक्रेत्याला नव्याने मांडावे लागेल.