काचेच्या भिंती आणि वीजबिलाचा हिशेब



गुरुग्रामपासून बंगळुरूपर्यंत काचेच्या दर्शनी भिंतींची कार्यालये उभी राहिली आहेत. ही रचना थंड हवेच्या देशांतून आली. तेथे काचेतून शिरणारी ऊब हवीशी असते. आपल्याकडे तीच उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलनावर वीज खर्च होते.

सौर तंत्रज्ञान येथे दुहेरी उपयोगाचे ठरते. उन्हाळ्यात भर दुपारी आपल्याकडे सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. त्यामुळे उभ्या भिंतीपेक्षा छतावर अधिक वीज मिळते. दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनाने (२०१४) ९३० किलोवॅटचा संच छतावरच बसवला. भिंतींच्या बाबतीत दक्षिणेच्या खिडक्यांवर सौर पट्ट्यांचे छज्जे अधिक हितावह होत. ते वीज देतात आणि ऊनही अडवतात.

खरी अडचण मात्र अर्थव्यवहाराची आहे. काच निवडतो विकासक, वीजबिल भरतो भाडेकरू. बचतीचा लाभ ज्याला मिळत नाही, तो जादा खर्च का करील? म्हणूनच नियमांची आवश्यकता भासते. २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने विहित पद्धतीत खिडक्यांना भिंतीच्या ६० टक्क्यांपर्यंत मुभा दिली होती. २०१७ मध्ये ती ४० टक्क्यांवर आली. परंतु राज्यांनी अधिसूचना काढल्याशिवाय आणि नकाशा मंजूर करताना महापालिकांनी तपासणी केल्याशिवाय संहिता कागदावरच राहते.

भाडेकरारापूर्वी इमारतीचा अपेक्षित वीजखर्च जाहीर करणे बंधनकारक करावे, असे मी सुचवतो. मग काचेची खरी किंमत भाडेकरूला आधीच कळेल आणि विकासकालाही तिचा विचार करावा लागेल.