खोली आहे का?

माझ्या लहानपणी सिन्नर म्हणजे विड्यांचं गाव. दारोदारी बायकांच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं. आमच्या पडवीत अम्मीही विड्या वळायची. मग माळेगाव-मुसळगावला कारखाने आले. 2001 च्या जनगणनेत शहराची वस्ती 32 हजारांच्या आसपास होती. 2011 मध्ये ती 65 हजारांवर गेली. 2021 ची जनगणना तर झालीच नाही.

कांद्याच्या वावरांत प्लॉटचे दगड उभे राहिले. पण कंत्राटी कामगाराला प्लॉट काय करायचाय? त्याला पगारात भागेल अशी खोली हवी. ती मुद्दाम कुणी बांधत नाही; जुन्या घरांचे गोठे आणि पडव्याच खोल्या होतात. आमचीही पडवी झाली.

परवा बिहारचा एक पोरगा आला. ‘‘चाचा, खोली आहे का?’’ मी भाडं पाचशेनं वाढवून सांगितलं. (कवीलाही हिशेब येतो!) त्यानं घासाघीस केली नाही. म्हणाला, ‘‘आम्ही चौघं. दोघं रातपाळीला, दोघं दिवसपाळीला. अंथरुणं दोनच मावली तरी पुरे.’’

पाचशे कमी करावेत असं मनात आलं. तेवढ्यात आतून बायकोनं विचारलं, ‘‘पाण्याचं वेगळं सांगितलंत ना?’’

मी तेही सांगितलं.