बिब्बा : औषध खरे, पण कच्चा नको



कुणी आपले काम बिघडवले, तर “त्याने बिब्बा घातला” असे आपण म्हणतो. मग तोच बिब्बा पोराच्या पोटावर का घालायचा?

टाच फुटली, काटा मोडला, पोराचे पोट दुखले, की बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा आणि तेलाचा चटका द्यायचा, ही जुनी रीत. झाड सातपुड्यातले, अन् भुसावळच्या बाजारात बिब्बा सहज मिळतो. म्हणून त्याचा गुण-दोष समजून घेऊ.

बिब्ब्याच्या टरफलात काळे, चिकट तेल असते. त्यात भिलावनॉल नावाचे द्रव्य आहे. ते कातडीत मुरते. मग खाज, सूज, फोड येतात. यालाच आपण ‘बिब्बा उतला’ म्हणतो. पहिल्या खेपेला काही झाले नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. शरीर ते द्रव्य ओळखून ठेवते. पुढच्या खेपेला थेंबभर तेलानेही एक-दोन दिवसांत अंग उठते.

पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करीत. हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांना अशा खुणांमुळे चट्टे उठल्याचे डॉक्टरांनी १९४३ साली नोंदवले. वाळलेली खूण एवढे करते, तर तान्ह्या बाळाच्या पोटावर गरम तेल काय करील? बिब्ब्याचा चीक लागून मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंदही १९७९ साली प्रसिद्ध झाली आहे.

मग वैद्य बिब्बा देतात, ते कसे? चरकसंहितेत भल्लातक म्हणजे बिब्बाच आहे. पण वैद्य तो विटेच्या चुऱ्यात घोळून, शुद्ध करून, माणूस पाहून मात्रा ठरवतात. सरकारी नियमांतही भल्लातक विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. आतली गोडंबी आपण लाडवात खातो. पण तिला टरफलाचे तेल लागलेले नसावे.

एवढे लक्षात ठेवा :

१. लेकरांना आणि गरोदर बाईला बिब्ब्याचा चटका देऊ नका.
२. कच्चा बिब्बा पोटात घेऊ नका.
३. बिब्बा चुलीत टाकू नका. त्याचा धूरही बाधतो.
४. तेल लागले, तर लगेच साबणाने व भरपूर पाण्याने धुवा. कपडे बदला, ते वेगळे धुवा. डोळ्याला हात लावू नका.
५. फोड फोडू नका. त्यावर चुना, राख लावू नका.
६. तोंड सुजले, दम लागला, लघवी कमी किंवा लाल झाली, किंवा पोराने बिब्बा चावला, तर घरी उपाय करीत बसू नका. ओकारी काढू नका. थेट दवाखाना गाठा आणि बिब्बा लागला की खाल्ला, ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आजीचा बटवा जपा. पण त्यातला बिब्बा वैद्याच्या हाती द्या. राम राम!