पंचवीस वर्षांची वॉरंटी नेमकी कशाची?

मी चेन्नईजवळच्या ओरगडमहून बोलतोय. आजचा विषय आहे छतावरच्या सोलरची वॉरंटी.

माझ्या गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर आहे. सहाव्या वर्षी इन्व्हर्टर बंद पडला. मी निर्धास्त होतो, कारण विक्रेत्यानं सांगितलं होतं, "साहेब, पंचवीस वर्षं बघायला नको." कागद काढून वाचला, तेव्हा कळलं की ती पंचवीस वर्षं पॅनेलची होती. इन्व्हर्टरची वॉरंटी पाचच वर्षांची होती आणि ती संपून गेली होती. नवा इन्व्हर्टर पदरचे पैसे घालून घेतला. फौजेत एकेक वस्तू मोजून ताब्यात घेणारा मी, इथं न वाचता सही करून बसलो!

तर लक्षात ठेवा, वॉरंटी एक नसते, चार असतात.

पहिली पॅनेलच्या बनावटीची. काच, चौकट, मागचा जोडणीचा डबा यांतला दोष. ही बहुधा 10 ते 12 वर्षांची असते, काही कंपन्या जास्त देतात.

दुसरी पॅनेलच्या कामगिरीची. जाहिरातीतली 25 वर्षं ती हीच. पंचविसाव्या वर्षीही मूळ क्षमतेच्या साधारण 80 टक्के किंवा थोडी जास्त वीज मिळेल, एवढंच तिचं वचन. पण ही क्षमता पॅनेलचं तापमान 25 अंश धरून मोजतात. आपल्याकडे मे महिन्यात पॅनेल 60 अंशांपर्यंत तापतं. दर अंशामागे सुमारे 0.35 टक्के घट धरली, तर 12 टक्के वीज उन्हानंच कमी होते. तो दोष नव्हे, त्यावर दावा चालत नाही.

तिसरी इन्व्हर्टरची, साधारण 5 ते 10 वर्षं.

चौथी बसवणाऱ्याची. सांगाडा, वायरिंग, स्लॅबची गळती. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून घेतलंत, तर विक्रेत्यानं 5 वर्षं देखभाल करायची असते. ते करारात लिहून घ्या.

वादळ यातल्या एकाही वॉरंटीत बसत नाही. डिसेंबर 2016 मध्ये वरदा चक्रीवादळानं चेन्नईत हजारो झाडं पाडली. असं नुकसान विम्यातूनच भरून निघतं. घराच्या विम्यात सोलरची नोंद आहे का, ते विचारा.

आता सही करण्यापूर्वी तीन कामं करा. प्रत्येक पॅनेलचा आणि इन्व्हर्टरचा सीरियल नंबर बिलावर घ्या. विक्रेत्यानं दुकान बंद केलं, तर कंपनी थेट दावा घेईल का, ते लेखी मागा. बिघडलेलं पॅनेल उतरवणं, नेणं, पुन्हा बसवणं हा खर्च कोणाचा, तेही विचारा. पुष्कळदा तो आपल्याच माथी येतो.

आणि दर महिन्याला इन्व्हर्टरवरची युनिटं वहीत लिहा. दावा करायची वेळ आली, तर तीच वही तुमच्या बाजूनं बोलेल.

जय हिंद.