पोत्यावरची चिठ्ठी



आमचे शिक्षण रात्रशाळेतले, तेही अर्धवट. उरलेले गोदामाच्या दारात झाले. एकदा पोत्यावरच्या चिठ्ठीत वजन एक आणि आत माल त्याच्या दीडपट निघाला. आमच्या एका सोबत्याची कंबर कायमची गेली. तेव्हापासून चिठ्ठी वाचावी, पण तराजूला विचारावे, हे आम्ही धरून बसलो. आजचा विषय संगणकाचा असला, तरी त्यातही चिठ्ठीच आहे.

एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवतात. चाळच म्हणा. भाडेकरू निरनिराळे, त्यांच्यामधल्या भिंती राखतो तो हायपरवायझर नावाचा प्रोग्राम. नवे बिऱ्हाड मांडताना आधी कर्नल, म्हणजे सगळ्यांचा मूळ प्रोग्राम, स्मृतीत ठेवावा लागतो. ते काम लोडरचे. कर्नलच्या फाइलीच्या माथ्यावर आकडे असतात: माझी लांबी इतकी, मला अमुक पत्त्यावर ठेवा. हे आकडे लिहितो कोण? पुष्कळदा भाडेकरूच! आणि वाचणारा लोडर चालतो मालकाच्या अधिकाराने. मेख इथे आहे. पत्ता आणि लांबी यांची बेरीज ६४ बिटांत मावली नाही, तर ती उलटून लहान होते, आणि जागा पुरेल असा कौल तपासणी खुशाल देते.

ही भीती पोकळ नव्हे. केंब्रिजला जन्मलेल्या झेन या हायपरवायझरच्या कर्नल वाचणाऱ्या भागात २०१३ साली असे अनेक दोष उघड झाले. स्वतःचा कर्नल आणणाऱ्या भाडेकरूच्या हाती मालकाच्या किल्ल्या पडाव्यात, असे ते दोष होते.

यावरचा तराजू म्हणजे फझिंग. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाचे बार्टन मिलर एका वादळी रात्री टेलिफोनच्या तारेवरून काम करीत होते. तारेवरच्या खरखरीने अक्षरे बिघडत आणि चांगले चांगले प्रोग्राम कोसळत. मग त्यांनी विद्यार्थ्यांकरवी मुद्दामच कचरा घालून पाहिला. १९९० च्या त्यांच्या लेखात युनिक्सचे पाव ते एकतृतीयांश प्रोग्राम कोसळल्याची नोंद आहे.

लोडरला मात्र निव्वळ कचरा घालून भागत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलीत पहिले ५१४ बाइट सोडल्यावर 'एचडीआरएस' ही चार अक्षरे असावी लागतात. ती नसली की लोडर दारातूनच परत पाठवतो. आतल्या खोल्या तपासायच्या राहतात. म्हणून खरी फाईल घेऊन तिचा एकेक आकडा बिघडवायचा. जी नव्या वाटेने आत शिरेल ती जपायची आणि तिच्यात आणखी बिघाड करायचा. हे यंत्रच रात्रंदिवस करते. लोडर सरळ 'नाही' म्हणाला, तर ठीक. कोसळला, तर खोट सापडली.

अशी वेडीवाकडी फाईल शहाणा माणूस देईलच कशाला, असे कोणी विचारील. आमच्या गोदामातही मुकादम हेच विचारीत असे.

कोसळवणारी फाईल सापडली की दोष काढतात, पण फाईल फेकून देत नाहीत. लोडरला कोणाचा हात लागला, की तीच पुन्हा त्याच्या तोंडी देतात.