ग्राफिक्स कार्डाचा उन्हाळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा पुतण्या नागपुरात अ‍ॅनिमेशन शिकतो. गेल्या मे महिन्यात एका दुपारी त्याचा फोन आला. "काका, चित्रांवर ठिपके येताहेत." दहा सेकंदांची एक चित्रफीत त्याला दोन दिवसांनी कॉलेजात द्यायची होती. सेकंदाला २४ या हिशेबाने २४० चित्रे. त्यातल्या अकरा चित्रांवर कुठे हिरवे, कुठे पांढरे ठिपके उमटले होते आणि एकाचा तर अर्धा भाग काळाच होता. पोराने तेच काम पुन्हा लावले. ठिपके पुन्हा आले, पण या वेळी दुसऱ्याच चित्रांवर.

हे 'दुसऱ्याच' ऐकून माझे कान टवकारले. चूक त्याच्या रचनेत असती तर ती दर वेळी त्याच जागी आली असती. जागा बदलत फिरणारी चूक बहुधा यंत्राची असते. मी विचारले, "कार्डाचा वेग वाढवला आहेस का?" थोडा वेळ पलीकडे शांतता. मग हळूच उत्तर आले, "डिसेंबरमध्ये वाढवला होता. पण तेव्हापासून गेम मस्त चालतात की!"

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र रंगवण्याचे आकडेमोडीचे काम ग्राफिक्स कार्ड करते. पुतण्याकडचे कार्ड एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६०, २०२१ साली बाजारात आलेले. दादाने ते हप्त्यांवर घेऊन दिले होते. त्याच्या चिपमध्ये सुमारे १२०० कोटी ट्रान्झिस्टर असतात आणि कंपनीने जाहीर केलेला वेग आहे १७७७ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७८ कोटी ठोके. एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममधली पट्टी उजवीकडे सरकवली की हे ठोके वाढतात. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पुतण्याने १५० मेगाहर्ट्‌झची भर घातली होती.

हा नाद जुना आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर ३०० वरून ४५० मेगाहर्ट्‌झवर चालवता येतो, हे कळल्यावर हौशी मंडळींची चंगळ झाली होती. गरीब विद्यार्थ्याला श्रीमंताचा संगणक मिळावा, तसे ते होते. या नादाला मी नावे ठेवणार नाही. मीही तरुणपणी तेच केले आहे. पण हा वाढीव वेग येतो कुठून, ते समजून घेतले पाहिजे.

घराचा स्लॅब पडताना तुम्ही पाहिला असेल. मजुरांची रांग उभी असते आणि काँक्रीटची घमेली हातोहात वर जातात. आता समजा, मुकादम टाळी वाजवतो आणि दर टाळीला प्रत्येकाने आपले घमेले पुढच्याच्या हाती दिलेच पाहिजे. टाळीचा वेग रांगेतल्या सर्वांत सावकाश माणसाला झेपेल एवढाच ठेवावा लागतो. चिपमध्ये असेच चालते. दर ठोक्याला विजेचा संकेत एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पोहोचून स्थिर व्हावा लागतो आणि त्यासाठी मिळणारा वेळ असतो सुमारे ०.५६ अब्जांश सेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा १७ सेंटिमीटरच जातो, वीतभरही नाही. टाळी लवकर वाजली आणि कुठे एका जागी संकेत पोहोचला नाही, तर घमेले सांडते. शून्याच्या जागी एक येतो, एकाच्या जागी शून्य.

एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिप अगदी सारख्या नसतात. काहींत अंगची ताकद जास्त, काहींत कमी. कंपनी वेग ठरवते तो कमकुवत चिपचा, गरम खोलीचा आणि पुढच्या काही वर्षांच्या झिजेचा विचार करून. मधे जी थोडी जागा राखलेली असते, ती आपण ओव्हरक्लॉकिंगमध्ये वापरतो. डिसेंबरात पुतण्याने नेमकी ती वापरून टाकली होती.

आता उष्णतेकडे येऊ. चिप जी वीज खाते, ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. या कार्डाच्या बाबतीत ती १७० वॅटपर्यंत जाते. छताच्या दोन पंख्यांना लागते त्याहून ही जास्तच, आणि ती निघते एका लहानशा चौकोनातून. वेग वाढवला तर वीज त्याच प्रमाणात वाढते. पण वेग टिकावा म्हणून व्होल्टेज वाढवले, तर वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब करून पाहा. वेग ५ टक्के आणि व्होल्टेज ५ टक्के वाढवले की वीज जवळजवळ १६ टक्के जास्त लागते. पदरात पडतो तो ५ टक्के वेग. शिवाय चिप तापली की तिच्यातून नुसतीच झिरपणारी वीजही वाढते, त्यामुळे ती आणखी तापते आणि तापलेले ट्रान्झिस्टर सावकाश चालतात. उन्हात घमेली देणाऱ्यांचे हात जड व्हावेत, तसेच हे.

पंखा म्हणजे काही फ्रिज नव्हे. तो खोलीतलीच हवा कार्डावरून फिरवतो. म्हणून खोली जितकी तापते, साधारण तितकेच कार्डही तापते. डिसेंबरात पुतण्याची खोली २४ अंशांवर होती, तेव्हा कार्ड ६८ वर स्थिरावत होते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो. त्यातून वहिनींनी कूलर बंद करून ठेवलेला, का तर ओल्या वाऱ्याने संगणक बिघडेल! खोली ३९ अंशांवर आणि कार्ड ८३ वर. डिसेंबरात पुरलेली जागा मे महिन्यात उरलीच नव्हती. (कूलर खुशाल चालू ठेवावा. फक्त त्याचा झोत आणि पाण्याचे तुषार थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नयेत.)

मग त्याचे गेम कसे चालत होते? गेममध्ये सेकंदाला साठेक चित्रे येतात आणि जातात. त्यातल्या एका चित्रावर एक ठिपका चुकला तर तो सेकंदाच्या साठाव्या भागापुरता दिसतो. धावपळीत कोणाचे लक्ष जाणार? चित्रफितीचे तसे नसते. तिथे एकेक चित्र तयार व्हायला कित्येक मिनिटे लागतात, कार्ड तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबते आणि झालेली चूक फाइलमध्ये कायमची उतरते. हल्ली हीच कार्डे शास्त्रीय आकडेमोडीलाही वापरली जातात. तिथे तर ठिपकाही दिसत नाही. उत्तर चुकते, एवढेच.

संगणक बंद पडला नाही म्हणजे सगळे ठीक, असे मानणाऱ्यांना मी म्हणूनच टोकतो. बंद पडणारा संगणक त्या मानाने प्रामाणिक. विंडोज व्हिस्टापासून तर कार्डाने दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज त्याला परस्पर पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा होतो आणि आपण म्हणतो, काहीतरी झाले असेल. मेमरीची गंमत आणखी वेगळी. काही कार्डांतली मेमरी आपली चूक ओळखून तोच मजकूर पुन्हा पाठवते. त्यामुळे वेगाचा आकडा वाढलेला दिसतो आणि प्रत्यक्ष काम मात्र मंदावते. म्हणून नुसता आकडा पाहू नये, काम किती वेळात झाले ते घड्याळावर मोजावे.

पुतण्याला मी आधी पट्टी मूळ जागी आणायला लावली. मग कॅबिनेट उघडायला सांगितले. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता. ब्लोअरने साफ करताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो हवेने भन्नाट फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. कॅबिनेट भिंतीला चिकटून होते, ते वीतभर पुढे ओढले. कूलर सुरू केला. एवढ्यावर तापमान ८३ वरून ७२ वर आले.

आणि इथे एक गोष्ट घडली, ती पुतण्याला फार नवल वाटली. पट्टीला हात न लावताच कार्डाचा वेग थोडा वाढला. त्याचे कारण असे, की २०१२ साली आलेल्या जीटीएक्स ६८० पासून ही कार्डे स्वतःचा वेग स्वतःच वाढवतात. तापमान आणि वीज मर्यादेत असेल तोवर वर जातात, तापली की पायरी पायरीने खाली येतात. ओव्हरक्लॉकिंगचे निम्मेअधिक काम कंपनीने आधीच केलेले असते. आपल्याकडच्या हवेत कार्ड थंड ठेवणे हाच वेग मिळवण्याचा पहिला उपाय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टीचा विचार त्यानंतर.

त्यानंतर आम्ही पोरांच्या रिवाजाच्या उलट केले. वेग तोच ठेवून व्होल्टेज कमी केले. ८ टक्के व्होल्टेज उतरवले तर सुमारे १५ टक्के वीज वाचते, वर्गाचा तोच नियम आता आपल्या बाजूने. अर्थात व्होल्टेज फार उतरवले तरी घमेली सांडतातच. म्हणून एकेक छोटी पायरी उतरायची आणि दर पायरीला तपासायचे. तपासायचे कसे? एक अवघड चित्र कारखान्याच्या मूळ सेटिंगवर तयार करून ठेवायचे. मग तेच चित्र नव्या सेटिंगवर पुन्हा पुन्हा करायचे आणि मूळ चित्राशी ताडून पाहायचे. तेही भर दुपारी, खोली सर्वांत जास्त तापलेली असताना आणि किमान दोन-तीन तास. पहाटे गारव्यात घेतलेल्या परीक्षेला अर्थ नाही.

यात त्याचा एक दिवस गेला. उरलेल्या दिवसात सगळी चित्रे नव्याने करण्याइतका वेळ नव्हता, म्हणून ठिपकेवाली तेवढीच पुन्हा केली. बाकीची त्याने एकेक करून डोळ्यांनी तपासली. त्यात आणखी तीन सापडली. पहिल्या वेळी नजरेतून सुटलेली, सावलीतल्या भागात एखाद-दुसरा ठिपका असलेली. चित्रफीत वेळेत गेली. कार्डाचे चार हप्ते अजून फेडायचे आहेत.