मिरजनगरीत आपले स्वागत

दूरदूरहून आलेले मेंदूचे व मनाचे डॉक्टर हो,

डोक्याच्या दुखापतीनंतर वर्षानुवर्षं पाठ न सोडणारे त्रास, हा परिषदेचा विषय मला तयारीच्या बैठकीत कळला. मी पहिला प्रश्न विचारला तो जेवायला पानं किती, हा.

डॉक्टरांना मिरज काय सांगायची! 1894 साली वानलेससाहेबांनी मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातला पेशंटही मिरजेची वाट धरतो. मला सांगायचंय ते फरीदसाहेब शिकलगारांबद्दल. घरचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात लढाया सरल्या, काम आटलं, आणि या गड्याने तंबोरा हाती घेतला. पंढरपूरकडचा कडू भोपळा वाळवायचा, कापायचा, लाकडाला जोडायचा आणि घोडी घासून घासून जवारी काढायची. ती विद्या सतारमेकर गल्लीत अजून जिवंत आहे. 2024 मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव सगळे घेतात. फरीदसाहेब कोण, हे आमच्या कॉलेजच्या पोरांना विचारा, मोबाइल काढतील!

विषयाशी संबंध काय म्हणाल, तर भोपळा आपटला की कधी चीर दिसत नाही, पण नाद बदलतो. मोटारसायकलवरून पडलेला मुलगा ‘स्कॅन नॉर्मल’ म्हणून घरी येतो आणि काही महिन्यांनी आई म्हणते, हा आमचा पोरगाच नव्हे. चिडतो, विसरतो, रात्ररात्र जागतो, कुणाला फिट येतात, कुणी जिवाला कंटाळतो. घरचे त्याला देवऋष्याकडे नेतात. हेल्मेट आरशाला अडकवून हिंडणारं गाव आमचं! तुमचा तो प्रसिद्ध फिनियस गेज रेल्वेमार्गासाठी खडक फोडणारा मुकादम. 1848 साली पहार कवटीतून आरपार गेली; जगला, स्वभाव पालटला, 1860 मध्ये फिट येऊन गेला. रेल्वेचा माणूस, म्हणजे जंक्शनच्या गावाला परका नव्हे.

आता क्षमा. काहींच्या खोलीत गरम पाणी सकाळी सातनंतर येतं. मागच्या रांगांना पंख्यावर भागवावं लागेल. एसीवाला कालपासून फोन उचलत नाही. मांडव, चहा, तांदूळ आणि बासुंदीचं दूध देणाऱ्या दात्यांनी नाव न घेण्याची अट घातली आहे. हळदीच्या व्यापाऱ्यांनी पिशव्या दिल्या, औषध दुकानदारांनी पेनं, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी परीक्षा तोंडावर असताना बाकं दिली. सर्वांचे आभार.

सतारमेकर गल्लीला बस चारला निघेल. चर्चा लांबली, तर थांबवून ठेवू.